वाचकांचे प्रश्न : हलका टचस्क्रीन लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न : मी नागपुरात हिंगणा रोडवरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. राहते मानेवाड्याला, त्यामुळे रोज बर्डीपर्यंत बस आणि पुढे मेट्रो. पाठीचा त्रास आहे. बर्डीवरच्या एका दुकानात १३.३ इंची टचस्क्रीन लॅपटॉप पाहिला. वजन १.१ किलो, रॅम ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, किंमत ६२,००० रुपये. दुकानदार म्हणाले, "घेऊन टाका ना मॅडम, टचवाला आहे, हलका आहे." मला वर्गात प्रोजेक्टरवर गणितं हाताने सोडवून दाखवायची आहेत आणि घरी मुलांच्या स्कॅन केलेल्या वह्या तपासायच्या आहेत. घेऊ का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात कामाची गोष्ट एकच आहे : तुम्हाला हाताने लिहायचं आहे. टचस्क्रीन घेणारे बहुतेक जण बोटाने फोटो सरकवतात, पान वर-खाली करतात आणि महिनाभराने पुन्हा टचपॅडवर येतात. तुमचं तसं होणार नाही, तुम्हाला ती स्क्रीन रोज लागेल. म्हणूनच दुकानदारांनी न सांगितलेल्या गोष्टी आधी विचारा.

पहिली म्हणजे, बोटाने चालणारी प्रत्येक स्क्रीन पेनाने लिहिण्याजोगी असते असं नाही. ही स्क्रीन बोटातून होणारा विद्युत्भारातला बदल ओळखते. रबरी टोकाची साधी पेनं मिळतात, ती बोटाचीच नक्कल करतात. त्यांनी इंटिग्रलचं चिन्ह काढा, जाड आणि बोथट येईल. शिवाय तळहात टेकला की स्क्रीन त्यालाही बोट समजते आणि भलतीकडे रेघ उमटते. तुम्हाला ॲक्टिव्ह पेन चालणारी स्क्रीन हवी. त्या पेनात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असतं, ते दाब ओळखतं, आणि पेन जवळ आलं की स्क्रीन तळहाताकडे दुर्लक्ष करते. यातही पद्धती वेगवेगळ्या आहेत. मायक्रोसॉफ्टची एक, वॅकॉमची दुसरी, बऱ्याच क्रोमबुकांत यूएसआय नावाची तिसरी. एकीचं पेन दुसरीवर चालेलच असं नाही. तेव्हा "पेन चालतं का?" एवढं विचारून थांबू नका. "कोणतं पेन चालतं, ते खोक्यात आहे का, नसेल तर केवढ्याला आहे?" असं विचारा आणि तेच पेन दुकानात हातात घेऊन लिहून पाहा.

लिहून पाहताना सही करू नका, सही सगळ्यांचीच छान येते. एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. स्वस्त पेनाची रेघ अशा वेळी थरथरते, भराभर ओढली की ते लपतं. मग तळहात टेकवून दोन ओळींचं गणित सोडवा, घातांक आणि लहान अक्षरांसकट. घातांक वाचता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट बिजागरीची. तुम्ही सांगितलेलं मॉडेल पूर्ण मागे वळतं का, ते पत्रात नाही. वळत नसेल तर माझं उत्तर सरळ "नको" आहे. उभ्या स्क्रीनवर पेनाने लिहायचं म्हणजे हात हवेत धरायचा, आणि प्रत्येक टेकणीला स्क्रीन मागे डुलणार. एका तासिकेत खांदा भरून येईल, पाठीचं तर तुम्हीच लिहिलं आहे. स्क्रीन पूर्ण मागे वळून पाटीसारखी टेबलावर आडवी झाली, तरच लिहिणं लिहिण्यासारखं होतं. लेनोवोने २०१२मध्ये योगा मालिकेत ही घडण आणली, आता बहुतेक कंपन्यांकडे तसं एखादं मॉडेल असतं. दुकानात स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बोट टेकवून हलकं दाबा. स्क्रीन लगेच स्थिर होत असेल तर बिजागरी चांगली. दोन-तीन वेळा झुलत राहिली तर पुढच्याकडे वळा. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या वळत्या लॅपटॉपांचं मोठं दुखणं बिजागरीच असतं. स्क्रीन एकाच कोपऱ्याला धरून उघडायची सवय त्याला कारणीभूत आहे. मधोमध धरून उघडा, ती बरीच वर्षं टिकेल.

आता वजन. १.१ किलो हा आकडा लॅपटॉपचा एकट्याचा. चार्जर, त्याची दोन्ही बाजूंची वायर, पेन, जाड कव्हर हे सगळं मिळून सहज अर्धा किलो वाढतं. म्हणून आधी चार्जर पाहा. यूएसबी-सीने चार्ज होणारा असेल तर ६५ वॉटचा लहान चार्जर वेगळा घेता येतो, जुन्या विटकरीएवढ्या चार्जरपेक्षा तो पुष्कळ हलका असतो. त्याहून चांगलं म्हणजे चार्जर घरीच ठेवता येणं. खोक्यावर "अमुक तास बॅटरी" असं लिहिलेलं असतं, त्याकडे पाहू नका, वॉट-अवर पाहा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा. लिखाण, ब्राउझर, पीडीएफ अशा कामात हलका लॅपटॉप साधारण ७-८ वॉट घेतो. म्हणजे ५० वॉट-अवरची बॅटरी सहा तासांच्या आसपास चालेल, आणि प्रोजेक्टर जोडून स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवला तर त्याहून कमी. ४० वॉट-अवरपेक्षा कमी असेल तर चार्जर रोज बॅगेत जाणार हे गृहीत धरा.

रॅमबाबत, म्हणजे चालू कामं पेलणाऱ्या मेमरीबाबत, मी जरा हट्टी आहे. एवढ्या पातळ लॅपटॉपांत रॅम बहुधा बोर्डावरच सोल्डर करून बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. विंडोज ११ला कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण ब्राउझरची पंधरा पानं, एक ऑनलाइन तासिका आणि स्कॅन केलेल्या वह्यांची जड पीडीएफ एकदम उघडली की ८ जीबीही अपुरी पडते. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, पुष्कळदा नंतर बदलता येते, म्हणून तिथे २५६ जीबीवर भागवा आणि तो पैसा १६ जीबी रॅमवर घाला.

आणि चकाकी. टचस्क्रीनवर बहुतेक वेळा गुळगुळीत काच असते, ती आरशासारखं परावर्तन करते. तुमच्या वर्गाची खिडकी पश्चिमेला असेल तर दुपारी स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसेल. दुकानात ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. लॅपटॉप दाराशी न्या, पाठ रस्त्याकडे करा, काळ्या पार्श्वभूमीचं चित्र उघडा आणि मग बघा. दुकानदाराला हे आवडत नाही, तरी करा. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, तो ३०० निट्सपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हात ४०० असेल तर बरं.

एक दुसरा मार्गही सांगते, कारण तुमच्या ६२,००० रुपयांची मला काळजी आहे. चकाकी नसलेल्या स्क्रीनचा, टच नसलेला हलका लॅपटॉप आणि सोबत यूएसबीने जोडायची लेखनपाटी. त्याला पेन टॅबलेट म्हणतात, काही हजारांत मिळते, जाडीला वहीएवढी. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांनी अशीच सोय केली. पाटीवर लिहायचं आणि स्क्रीनकडे बघायचं, ही सवय व्हायला थोडे दिवस लागतात. पण पाटी फुटली तर पाटीच बदलावी लागते. टचस्क्रीन फुटली तर काच आणि पॅनल एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे सगळंच बदलावं लागतं, आणि तो खर्च साध्या स्क्रीनच्या कितीतरी वर जातो. पूर्ण वळणारा, पेनासकट, १६ जीबीचा लॅपटॉप तुमच्या पैशांत बसत असेल तर तो घ्या. नसेल तर पाटीचा मार्ग. दुकानदारांनी दाखवलेला मात्र या दोन्हींत बसत नाही.

प्रश्न : इतवारीत माझं कर सल्लागाराचं काम आहे. जीएसटी, टॅली, व्यापाऱ्यांच्या डिजिटल सह्या. दुकानोदुकानी फिरावं लागतं. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा टचस्क्रीन लॅपटॉप पाहिला. अतिशय हलका, बॅटरी दिवसभर टिकते म्हणतात. तुमचं मत?

उत्तर : भाऊ, बॅटरीचं खरं आहे, ते प्रोसेसर वीज कमी खातात. अडचण तुमच्या यूएसबी टोकनची आहे, म्हणजे डिजिटल सही साठवलेल्या त्या पेनड्राइव्हसारख्या तुकड्याची. या प्रोसेसरवरचं विंडोज इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम नावाच्या पद्धतीचं असतं. साधी सॉफ्टवेअर त्यावर अनुवादाच्या थरातून बरीचशी चालतात, पण ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला, तो थर उपयोगी पडत नाही. विंडोजच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला असावा लागतो. हीच गोष्ट जुन्या प्रिंटरची आणि स्कॅनरची.

विवरणपत्राची शेवटची तारीख, समोर व्यापारी बसलेला आणि टोकन ओळखलं जात नाही, हा प्रसंग तुमच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. तेव्हा टोकन घेऊनच दुकानात जा. लावा, सही करून बघा. करू देत नसतील तर इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा घ्या, तिथे हा प्रश्न येत नाही. टचबद्दल : आकडे भरायला कीबोर्ड लागतो आणि तुमचं सगळं काम आकड्यांचं आहे. टचवर एक रुपयाही जास्त घालू नका. त्या पैशात चांगला कीबोर्ड बघा, शक्य असेल तर उजवीकडे वेगळे अंक असलेला. मात्र ते अंक १५-१६ इंची मॉडेलांत असतात आणि वजन वाढतं. फिरणं रोजचं असेल तर १४ इंची घ्या आणि अंकांचा छोटा यूएसबी कीबोर्ड बॅगेत ठेवा.

प्रश्न : वय ७४, धरमपेठ. हात थोडा थरथरतो, माउस धरवत नाही. मुलगा म्हणतो टचस्क्रीन लॅपटॉप घेऊन देतो, सोपं जाईल. नातीशी व्हिडिओवर बोलणं, बँक, वर्तमानपत्र, आणि मराठीत आठवणी लिहायच्या आहेत.

उत्तर : काका, आठवणी लिहायच्या आहेत हे वाचून बरं वाटलं, म्हणून त्याचंच आधी सांगते. विंडोजमध्ये २०१९पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. इंग्रजी अक्षरांनी उच्चार टंकायचा, मराठी उमटतं. सेटिंग्जमधल्या भाषेच्या भागात मराठी जोडली की तो मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. लिखाण युनिकोडमध्ये होतं, त्यामुळे नातीला पाठवलं तरी तिच्या फोनवर नीट दिसेल.

टचने सोपं जाईल का? थरथरत्या हाताला उभ्या स्क्रीनपर्यंत हात उचलून नेमक्या जागी बोट टेकवणं माउसपेक्षा अवघड जाऊ शकतं. विंडोजमधली बटणं बोटासाठी आखलेली नाहीत, विशेषतः बँकेच्या संकेतस्थळांवर ती फार लहान असतात. मुलासोबत दुकानात जा, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के करा आणि दहा मिनिटं निवांत बसून बघा. हात टेकवून काम करता येत नसेल तर ट्रॅकबॉल मागा. तो माउस जागचा हलत नाही, फक्त वरचा गोळा बोटांनी फिरवायचा. हात थरथरणाऱ्या अनेकांना त्याचा उपयोग होतो. पाहणं, बोलणं, वाचणं यासाठी टॅबलेट बरा आणि लिहिण्यासाठी १४ इंची साधा लॅपटॉप. हलका घ्यायची तुम्हाला गरज नाही, तो टेबलावरच राहणार आहे.

प्रश्न : मुलीसाठी गेल्या वर्षी टचस्क्रीन लॅपटॉप घेतला. आता स्क्रीनवर आपोआप क्लिक होतं, पानं उघडतात, बंद होतात. सर्व्हिस सेंटरने स्क्रीन बदला म्हणून सांगितलं. खर्च फार आहे. आम्ही महालात जुन्या घरात राहतो.

उत्तर : थांबा, स्क्रीन अजून बदलू नका. आधी चार्जर काढा आणि बॅटरीवर अर्धा तास चालवून बघा. आपोआप होणारं क्लिक थांबलं तर दोष बहुधा स्क्रीनचा नाही, विजेचा आहे. ही स्क्रीन अगदी सूक्ष्म विद्युत्बदल मोजते. सॉकेटला अर्थिंग नसेल किंवा चार्जर हलक्या दर्जाचा असेल, तर त्यातून येणारा गोंगाट तिला बोटासारखा वाटतो. जुन्या घरांतल्या वायरिंगमध्ये तिसऱ्या पिनेला पुष्कळदा काही जोडलेलंच नसतं. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं होतं का, मुलीला विचारा. होत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. ते लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांसाठी जास्त गरजेचं आहे.

बॅटरीवरही तसंच होत असेल तर स्क्रीन मऊ, कोरड्या कापडाने पुसा आणि काचेवर चिकटवलेलं संरक्षक कव्हर काढून बघा. कूलरच्या झोतासमोर बसत असाल तर जागा बदला, पाण्याचे बारीक थेंब काचेवर बसले तरी टच बिघडतो. मे महिन्यात ४५ अंशांत गच्चीच्या खोलीत गादीवर ठेवून चालवत असेल तर तेही थांबवा. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात आणि गादीने खालची हवा कोंडते. तळ फुगल्यासारखा किंवा टचपॅड वर आल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगली आहे. मग चार्ज करू नका, लगेच बदलून घ्या.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तरी मुलीचा अभ्यास अडायला नको. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेसच्या यादीत टचस्क्रीनची नोंद असते, तिच्यावर उजवं क्लिक करून ती बंद करा. टच बंद होईल, लॅपटॉप साध्या लॅपटॉपसारखा चालत राहील. स्क्रीनचा खर्च परीक्षा झाल्यावर ठरवता येईल.