स्लोव्हेनियात पाच दिवस वाइनसाठी: कुठे जावं, काय मागावं

नाशिकच्या वायनरी बघून झाल्यात, सप्टेंबरअखेर पाच दिवस मोकळे आहेत आणि स्लोव्हेनियात वाइनसाठी नेमकं कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय.

पाच दिवसांत सगळा देश पालथा घालू नका. आकाराने तो महाराष्ट्राच्या पंधराव्या हिश्शाएवढाच, पण वाइनचे तीन प्रदेश तीन टोकांना आहेत. ईशान्येला पोद्राव्ये, आग्नेयेला पोसाव्ये आणि पश्चिमेला इटलीला खेटून प्रिमोर्स्का. मी पाचही दिवस प्रिमोर्स्कालाच देईन. गाडी चालवायचीच नसेल, तर मात्र राजधानी ल्युब्लियानाहून रेल्वेने मारिबोरला जा. तिथे लेंट भागात एका घराच्या भिंतीवर चारशे वर्षांहून जुना द्राक्षवेल अजून फळतो आहे. त्याची वाइन विकत मिळत नाही. छोट्या बाटल्यांत भरून ती मान्यवरांना भेट देतात.

प्रिमोर्स्कात पहिले दोन दिवस गोरिश्का बर्दात काढा. १९४७ साली इथल्या टेकड्यांमधून सरहद्द आखली गेली, त्यामुळे पलीकडचा इटलीतला कोल्यो आणि हा भाग मातीने एकच आहेत. काही घराण्यांच्या बागा आजही दोन्ही देशांत आहेत. इथलं मुख्य द्राक्ष रेबुला. ते पांढरं, पण जाड सालीचं. रसाला स्वतःची चव बेताची असते, खरा ऐवज सालीत. म्हणून एकाच उत्पादकाच्या दोन रेबुला शेजारी शेजारी मागा, एक ताजी आणि एक सालीसकट आंबवलेली. फरक असा कळेल तसा कुणी सांगून कळणार नाही.

नाशिकला शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन करताना रस सालीपासून लगेच वेगळा काढतात. इथे दुसऱ्या प्रकारात देठ काढलेली द्राक्षं सालीसकट उघड्या लाकडी पिंपात काही दिवस, काही ठिकाणी काही आठवडे ठेवतात. आंबताना सुटणाऱ्या वायूने सालींचा जाड थर वर येऊन तरंगतो. तो दिवसातून तीन-चार वेळा दांड्याने खाली दाबावा लागतो. आळस केला तर थर वरून कोरडा पडतो, हवेतले जिवाणू त्यात शिरतात आणि वाइनला सिरक्याचा वास लागतो. सगळं नीट जमलं तर रंग अंबरासारखा येतो आणि चहासारखा तुरटपणा जिभेवर राहतो.

ही वाइन फ्रीजमधून काढून थेट पिऊ नका, गार असताना नुसती तुरट लागते. १२ ते १४ अंशांवर ती खुलते. नेलपॉलिशसारखा वास आला किंवा गिळल्यावर उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव मागे राहिली, तर तो दोषच. ‘आमची पद्धत नैसर्गिक आहे’ असं कुणी कितीही ठासून सांगितलं तरी.

सप्टेंबरची अडचण एवढीच की तेव्हा तोडणी चालू असते. बहुतेक तळघरं घरगुती. मालक स्वतःच बागेत किंवा पिंपाशी. आठवडाभर आधी ईमेल करून संध्याकाळची वेळ ठरवा, नाहीतर बंद दारावरून परत याल.

तिसरा दिवस विपावा खोऱ्यासाठी. इथला बुर्या वारा हिवाळ्यात इतका माजतो की जुन्या घरांच्या छपरांवर दगड ठेवलेले दिसतील. झेलेन आणि पिनेला ही दोन पांढरी द्राक्षं खास इथलीच, तेवढीच प्या. शार्डोने कुठेही मिळते.

चौथ्या दिवशी क्रास. चुनखडीच्या पठारावरची लोहयुक्त लाल माती आणि त्यात रेफोश्क द्राक्ष, त्याची तेरान ही लाल वाइन होते. शिराझसारख्या रेड वाइनची सवय असेल तर पहिला घोट चक्क आंबट लागेल. ही वाइन नुसती पिण्याची नाहीच. पर्शुत, म्हणजे वाऱ्यावर वाळवलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ कापांबरोबर तिचा आंबटपणा बरोब्बर बसतो. शाकाहारी असाल तर मुरलेलं चीज घ्या. योटा नावाचं राजमा-कोबीचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं; विचारूनच घ्या.

विपावा आणि क्रासमध्ये चौकात आयव्हीच्या वेलीची फांदी आणि बाण लटकलेला दिसला की बाणाच्या दिशेने वळा. ती ओस्मित्साची, म्हणजे शेतकऱ्याच्या घरीच चालणाऱ्या वाइनविक्रीची खूण. ओसेम म्हणजे आठ. पूर्वी शेतकऱ्याला घरची वाइन आठ दिवस विकायची मुभा असे, त्यावरून हे नाव पडलं. आजही ही घरं ठरावीक दिवसच उघडतात आणि बहुधा घरचंच खाणं-पिणं देतात. रोकड जवळ ठेवा. पाचवा दिवस मुद्दाम रिकामा ठेवा, एखादी ओस्मित्सा नक्की लांबते.

गाडी चालवणाऱ्याने मात्र हिशोब पक्का ठेवावा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ ग्रॅम प्रतिकिलो आहे, नवशिक्या चालकाला शून्य. ५० मिलीचे सहा नमुने म्हणजे ३०० मिली. १३ टक्क्यांच्या वाइनमधून साधारण ३० ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. सत्तर किलोच्या माणसाला एकाच तळघरात मर्यादा ओलांडायला तेवढं पुरतं. थुंकायला भांडं मागा, तिथे त्यात कुणाला काही वाटत नाही. आणि गाडी व्हेनिसहून घेतलीत, तर स्लोव्हेनियाच्या महामार्गांसाठीची ई-विन्येता, म्हणजे टोलचा ऑनलाइन पास, तिच्या नंबरवर आधीच काढा. विपावातून जाणाऱ्या द्रुतगती रस्त्यालाही ती लागते.

परतताना भारतात माणशी २ लिटर शुल्कमुक्त आणता येते. म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. तेरान मात्र लिटरच्या बाटलीतही मिळते, तशा दोन बसतात. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. बर्दातल्या मोव्हिया या वायनरीची पुरो ही फेसाळ वाइन घेतलीत, तर उघडण्याआधी काही दिवस बाटली उलटी ठेवा म्हणजे गाळ बुचाशी जमेल. मग बाटली उलटीच धरून तोंड पाण्याच्या पातेल्यात बुडवा आणि बूच सैल करा. दाबाने गाळ पाण्यात उडतो, लगेच बाटली सरळ करा. नेहमीसारखी उभी उघडलीत तर सगळी वाइन गढूळ होईल.