उमेदवारांची यादी

फोंडा

बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागलेली होतीस. ‘सर, प्रेशर 160 वर 100, आणि म्हणतो मला काय होतंय!’ आरोग्य केंद्रात पहिल्याच महिन्यात हे ऐकलंस ते बरंच झालं. मला त्याचा अर्थ लागायला दहा वर्षं गेली.

तो माणूस हट्टी आहे असं समजू नकोस. हार्ट अटॅकचा उमेदवार कसा असतो हे त्याच्या मनात पक्कं ठरलेलं असतं: सुटलेलं पोट, लाल तोंड, सारखी चिडचिड. हा सडपातळ, रोज नुस्तं म्हणजे मासळी खाणारा, कुळागरात, माड-पोफळीच्या बागेत राबणारा. म्हणजे यादीत नाव नाही! वेल्समधल्या लोकांचं हेच बोलणं ऐकून तिथल्या संशोधकांनी 1991 साली एक लेख लिहिला, त्यातही शब्द ‘उमेदवारी’ असाच आहे. (पंचायत निवडणुकीबाहेर हा शब्द इतका चपखल बसेल असं मला वाटलं नव्हतं.) तिथेही प्रत्येकाकडे भरपूर सिगरेटी ओढून म्हातारा झालेला एक काका होता. आपल्याकडे वाड्यावाड्यावर असा आजोबा असतो. सकाळी विडी, संध्याकाळी फेणी, आणि नव्वदीतही माडाला पाणी घालतोय. आणि एखादा निर्व्यसनी मास्तर पंचेचाळिशीत वर्गातच कोसळतो. लोक दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने दाखवून दिलंय की थोडासाच धोका असलेल्या मोठ्या गर्दीतून मिळून जितके रुग्ण येतात, तितके मोठा धोका असलेल्या मूठभरांतून येत नाहीत. तेव्हा ‘असा माणूसच पडतो’ असं तूही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात भलताच कुणी पडला की तुझ्या शब्दाला किंमत राहणार नाही.

टक्केवारीचंही तसंच. माशेलच्या एका बसचालकाला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘तुमच्यासारख्या शंभरांतल्या वीस जणांना दहा वर्षांत झटका येतो.’ त्याने क्षणभर विचार केला. ‘म्हणजे ऐंशी बरे राहतात,’ म्हणाला, आणि विडीचं बंडल खिशात नीट सारून उठला. हिशेब त्याचाच बरोबर होता.

त्यानंतर मी आधी घरच्यांची चौकशी करू लागलो. कोण गेलं, कितव्या वर्षी? वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत, तर ते धरायचं. वय त्यालाच आठवू दे, तू सुचवू नकोस. मग कमरेला टेप लाव. आपल्याकडे पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80 ही मर्यादा. शर्टाआड लपलेलं 95 त्या सडपातळ माणसाने स्वतः वाचलं की तो गप्प होतो. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला. हे त्या गप्प क्षणी सांग, आधी नको.

नुस्त्याशी भांडू नकोस. खाऱ्यातल्या, म्हणजे खारवलेल्या सुक्या मासळीतल्या मिठाबद्दल बोल.

आणि नवऱ्याला तपासायला घेऊन आलेली बाई बाकावर बसलेली असते ना, तिचंही प्रेशर बघ. जिना चढताना लागणाऱ्या दमाला ती ‘गॅस’ म्हणते.

आता माझंच सांगतो. माझे वडील 52 व्या वर्षी झटक्याने गेले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदावर मी ‘वडिलांना लवकर हृदयविकार’ असं लिहीत आलो. स्वतःच्या दंडाला पट्टा पहिल्यांदा लागला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी, तोही आमच्या नर्सबाईंनी थट्टेत गुंडाळला म्हणून. 154 वर 98. बाबा विडी ओढायचे, मी ओढत नाही, एवढ्यावर मी निश्चिंत होतो. आता दात घासले की गोळी.

तो पुन्हा येईल तेव्हा काय झालं ते कळव. टेप शिंप्याची घे, पिवळी. केंद्रातली बहुधा हरवलेली असेल.

तुझा,
सर