डॉ. अनिल डिक्रूझ यांचं तोंडाच्या कॅन्सरवरचं संशोधन नेमकं काय आहे? मानेत गाठ नसतानाही मानेचं ऑपरेशन का सांगतात?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. म्हणून आधी तेच लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. दादा शाळेत असल्यापासून खर्रा खायचा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी तोच पुढे करतात. जिभेच्या कडेला छाला झाला, तो भरेना. गावात मलम, मल्टिव्हिटॅमिन, दाताच्या डॉक्टरकडून दाढ घासून घेणं, हे सगळं झालं. शेवटी नागपूरला तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. पण गाठ लहान होती आणि मान हाताला साफ लागत होती. सर्जन म्हणाले, जिभेचा भाग काढू आणि त्याच वेळी त्या बाजूच्या मानेतल्या लसिकाग्रंथीही काढू. म्हणजे प्रत्येकाच्या मानेत असतात त्या बारीक ग्रंथी.

मोठे मामा सोबत होते. "मानेत गाठ नाही, काही नाही, तं मान कायले चिरता? चाकू लागला का कॅन्सर पसरते," असं त्यांनी वॉर्डातच सुनावलं. वहिनी सही करायला तयार होती. मी तालुक्याला मेडिकल चालवतो, मीही बोललो. मामांपुढे कोणाचं चाललं नाही. फक्त जिभेचं ऑपरेशन झालं आणि नियमित तपासणीला यायला सांगितलं. सोयाबीन काढणी, मग कापूस वेचणी. नागपूरला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. तपासण्या चुकत गेल्या. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ दिसली तेव्हा पुन्हा धावलो. मोठं ऑपरेशन, शेक (रेडिएशन), सगळं झालं, दादा राहिला नाही. तेरवीला मामा चारचौघांत म्हणाले, "म्या म्हटलं होतं, चाकू लागला म्हणून पसरला."

आता डिक्रूझ सरांचा पेपर. ते कॅन्सरचे सर्जन, तेव्हा मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलला होते. 2015 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. दादासारखेच रुग्ण: तोंडातला सुरुवातीचा कॅन्सर, मानेत हाताला गाठ नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेचंही केलं. दुसऱ्यात फक्त तोंडाचं केलं आणि गाठ आलीच तर मानेचं. 2004 ते 2014 या काळात 596 रुग्ण घेतले, त्यातल्या पहिल्या 500 जणांचा हिशोब मांडला. तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्यात 67.5 टक्के. कॅन्सर न उलटता जगलेले 69.5 टक्के, दुसरीकडे 45.9.

मामा, ज्यांना चाकू जास्त लागला ते जास्त जगले. कॅन्सर चाकूने मानेत जात नाही, तो आधीच गेलेला असतो. पहिल्या गटात ज्यांची मान हाताला साफ लागली होती, त्यांच्यातल्या दहापैकी जवळपास तिघांच्या लसिकाग्रंथींत तो सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. बोटाने तो लागत नाही. आणि वाट पाहायची म्हटली, तर टाटाच्या अभ्यासात रुग्णांना ठरल्या वेळी बोलावून तपासत होते. तरीही तो गट मागे पडला. आमच्याकडे काढणीच्या दिवसांत कोण कोणाला नागपूरला नेतं? माझ्या मते खेड्यातल्या माणसासाठी तर 'थांबून पाहू' हा पर्यायच नाही. "पैशासाठी कापतात" हेही नेहमी ऐकतो. दादाचं ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं होतं, तरी मामा तेच म्हणत होते.

हा पेपर छापून मी मामांकडे नेला होता. मराठीत समजावूनही सांगितला. त्यांनी घडी करून कोनाड्यात ठेवला.

काही गोष्टी राहिल्या. हा निष्कर्ष सुरुवातीच्या, मानेत गाठ नसलेल्या तोंडाच्या कॅन्सरचा आहे. घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरला तसाच लावू नका. मानेच्या ऑपरेशननंतर काहींचा खांदा दुखतो, हात वर जायला त्रास होतो, त्याला व्यायाम लागतो. तोंडातली गाठ अगदी वरवरची, पातळ असेल तर मानेचं करायचं की नाही यावर सर्जन वेगळा विचार करतात. काही मोठ्या केंद्रांत आधी फक्त पहिली एक-दोन लसिकाग्रंथी काढून तपासतात आणि मग पुढचं ठरवतात. तुमच्या रुग्णाचं काय करायचं ते त्याचा रिपोर्ट पाहणारा सर्जनच सांगेल. मी औषधं विकणारा माणूस आहे.

पण सर्जनच्या खोलीत रुग्ण आणि त्याची बायको या दोघांनाच बसवा. तोंडातल्या गाठीची खोली किती मिलिमीटर आहे आणि मानेचं आत्ताच करायचं का, हे त्यांनीच विचारावं. मामा-काकांना बाहेर चहा पाजा.