टर्कीसाठी स्कोप की रेड डॉट?

प्रश्न : मिसुरीत राहतो, ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने स्प्रिंगमध्ये टर्की हंटिंगला जायला लागलोय. १२ गेजची शॉटगन आहे, पण चाळिशी लागल्यापासून नळीवरचा नेमाचा मणी आणि पक्षी दोन्ही एकदम क्लिअर दिसत नाहीत. दुर्बिणीसारखा मोठं दाखवणारा स्कोप घेऊ, का काचेत नुसता लाल ठिपका दाखवणारी रेड डॉट साइट?

उत्तर : रेड डॉट घ्या. तुमच्याकडे स्प्रिंगमध्ये टर्कीला रायफल चालतच नाही, शॉटगनचा बार म्हणजे साधारण ४० यार्डांपर्यंतचं काम, तिथे मोठं मॅग्निफिकेशन घेऊन करायचंय काय? स्कोपला डोळा ठरावीक अंतरावरच धरावा लागतो, झाडाला टेकून वाकडंतिकडं बसल्यावर ते जमत नाही, आणि टर्कीसाठीच्या ३ इंची जड काडतुसाचा धक्का बसला की स्कोप भुवईवर आपटून खोक पडते ती वेगळीच. रेड डॉटला दोन्ही डोळे उघडे, नजर पक्ष्यावर, म्हणजे चाळिशीची कटकटही बरीच मिटली. २ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) ठिपका ४० यार्डांवर जेमतेम पाऊण-एक इंच झाकतो, नेम धरायची ती मान दिसत राहते.

फक्त अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल तर ठिपका फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो, दुकानात चष्मा लावूनच बघा, आणि तसं दिसलं तर मॅग्निफिकेशन नसलेली प्रिझम साइट घ्या, तिची खूण काचेवरच कोरलेली असते त्यामुळे बॅटरी गेली तरी दिसते.

आणि हो, काहीही बसवलं तरी आधी कागदावर मारून झिरो करा, म्हणजे नेम आणि छर्रे एकाच जागी येतील असं जुळवून घ्या. टाइट चोकमधून (नळीच्या तोंडाशी छर्रे एकत्र ठेवणारा अरुंद भाग) १० यार्डांवर छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात, टर्की जवळ असली म्हणून लागेलच असं नाही.