डॉकर ॲक्शनमध्ये इनपुट दिलं तरी एंट्रीपॉइंट स्क्रिप्टला रिकामं का मिळतं?

तुम्ही लिहिलंय की गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबची कामं आपोआप चालवणारी सोय) डॉकरवाली, म्हणजे वेगळ्या कंटेनरमध्ये चालणारी ॲक्शन केलीय, वर्कफ्लोत (कोणती कामं चालवायची ती फाइल) विथ खाली रिपोर्ट-पाथ दिलाय, पण एंट्रीपॉइंटच्या, म्हणजे कंटेनर सुरू होताच चालणाऱ्या बॅश स्क्रिप्टमध्ये काहीच येत नाही. बहुतेक घोळ त्या मधल्या हायफनचा आहे. मी स्वतः यात अख्खी दुपार घालवलीय.

होतं काय की रनर (वर्कफ्लो चालवणारं मशीन) प्रत्येक इनपुटचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून नावासकट मिळणारी व्हॅल्यू) बनवून कंटेनरमध्ये टाकतो, आधी इनपुट_ लावतो, नाव कॅपिटलमध्ये करतो, स्पेस असेल तर तिथे अंडरस्कोर घालतो, पण हायफनला हात लावत नाही. आणि बॅशमध्ये व्हेरिएबलच्या नावात हायफन चालतच नाही! म्हणजे तुम्ही डॉलर लावून पूर्ण नाव लिहिलंत तरी बॅश फक्त इनपुट_रिपोर्ट एवढंच नाव धरतं, ते सापडत नाही म्हणून रिकामं, आणि पुढचं -पाथ जसंच्या तसं चिकटवतं. मी ते कॅटला (फाइल दाखवणारी कमांड) दिलं होतं तर लॉगमध्ये "इनव्हॅलिड ऑप्शन -- पी" अशी एरर, आणि मी येडा डॉकरफाइल (कंटेनर कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) पुन्हा पुन्हा बदलत बसलो, तिचा बिचारीचा काही संबंधच नव्हता.

सगळ्यात सोपं म्हणजे इनपुटचं नावच रिपोर्ट_पाथ ठेवा, हायफन काढा, ॲक्शनच्या यामल (सेटिंगच्या) फाइलमध्ये आणि वर्कफ्लोत दोन्हीकडे. नाव बदलणं शक्य नसेल (दुसऱ्या टीम वापरत असतील वगैरे) तर यामलमध्ये रन्सखाली आर्ग्ज (स्क्रिप्टला थेट द्यायच्या व्हॅल्यू) द्या, त्यात इनपुट्सची व्हॅल्यू टाका, मग स्क्रिप्टमध्ये ती डॉलर १, डॉलर २ अशी क्रमाने मिळते. डबल कोट्समध्येच घ्या हां, पाथमध्ये स्पेस आली की तुकडे होतात. फक्त डॉकरफाइलमध्ये एंट्रीपॉइंट चौकटी कंसवाल्या एक्झेक फॉर्ममध्ये हवा, साधा शेल फॉर्म असेल तर आर्ग्ज स्क्रिप्टपर्यंत पोचतच नाहीत. स्क्रिप्ट पायथॉनमध्ये असेल तर मात्र ओएस डॉट एन्व्हायरॉनमधून हायफनसकट नाव सरळ वाचता येतं.

अजून एक, इनपुट कायम स्ट्रिंग म्हणूनच येतं. ड्राय-रन (नुसती चाचणी) अशा इनपुटला फॉल्स दिलं की स्क्रिप्टला "फॉल्स" हा शब्द मिळतो, आणि नुसतं रिकामं आहे का एवढंच तपासलंत तर तो खरा धरला जातो, म्हणून ट्रूशी सरळ तुलना करा. आणि उद्या हीच ॲक्शन कंपोझिट (डॉकरऐवजी स्टेप जोडून बनवलेली) केलीत तर हे इनपुट_ वाले व्हेरिएबल आपोआप येणार नाहीत, तिथे स्टेपमध्ये एन्व्ह खाली स्वतः लिहावे लागतात.

तरी रिकामंच आलं तर यामलमधला इनपुट्सचा भाग इथे टाका, बघतो.