मुलीला ‘पटवून’ देण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. जीवशास्त्रात हुशार, गणितात जेमतेम ५८. तिला वनस्पतिशास्त्र घेऊन डीएनएवरून एखाद्या वनस्पतिकुळातली नाती शोधायची आहेत म्हणे. डीएनए आल्यावर आता रानोमाळ भटकायची, झाडं ओळखायची गरज उरली नसेल ना? कॉम्प्युटरवर बसून होणार असेल तर आमची परवानगी आहे. नाहीतर बायोटेक्नॉलॉजी बरी, हे तुम्हीच तिला पटवून द्या. खोलीत तिने वाळकी पानं-फुलं चिकटवलेल्या चौदा वह्या आहेत, निकाल लागला की त्या रद्दीत जातील. – एक वडील

उत्तर : मला ५८ गुण खटकले नाहीत, चौदा वह्या खटकल्या. कुणी न सांगता मुलीने चौदा वह्या भरल्या, आणि तुमच्या पत्रात त्या येतात त्या थेट रद्दीच्या वाक्यात! ‘आमच्या मुलाला कशातच रस नाही’ अशी पत्रं माझ्याकडे सतत येतात. तुमच्या घरात नेमकं उलट आहे, तरी तुम्ही वैतागलेलेच.

दुसरा शब्द ‘परवानगी’. तीही अटीवर, बसल्या जागी काम असेल तर. हा प्रश्न करिअरचा नाही, मुलगी नजरेआड होण्याचा आहे. ती काळजी मला कळते. पण मग ती तिच्याशी तशीच बोला. ‘स्कोप नाही’ या नावाखाली माझा शिक्का मागू नका. आणि तिला काय वाटतं, हे अख्ख्या पत्रात एका ओळीतही नाही.

आता तुमचा गैरसमज. डीएनए वाचणारं यंत्र झाड ओळखत नाही. त्यात पान कुणीतरी घालावं लागतं, आणि ते पान कोणत्या झाडाचं हे त्या माणसाला ठाऊक असावं लागतं. रानात पान तोडून लगेच सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या खड्यांमध्ये, वाळवतात. त्याच झाडाची फुलाफळासकट फांदी दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात ठेवतात, म्हणजे पुढे शंका आली तर ताडून बघता येतं. नाव चुकलं तर कॉम्प्युटर तक्रार करत नाही, सुबक वंशवृक्ष काढून देतो, फक्त चुकीचा. सार्वजनिक डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने पडलेले डीएनएचे क्रम आहेत, ते उचलून लोक फसतातही. त्यात आणखी एक गंमत आहे. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकाचा (क्लोरोप्लास्टचा) स्वतःचा डीएनए सपुष्प वनस्पतींमध्ये बहुधा आईकडूनच येतो. म्हणून कधीकधी हरितलवक एक वंशवृक्ष सांगतं आणि आईबाप दोघांकडून आलेली पेशीच्या केंद्रकातली जनुकं दुसराच. दोन जातींचा संकर झाला होता का, दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच हंगामात फुलतात का, हे ज्याने झाडं पाहिली आहेत त्यालाच सुचतं. खुर्चीत बसून अर्धं काम होतं, आणि ते दुसरं अर्धं.

‘झाडांची नावं तर कधीच ठरलीत, आता काय उरलंय?’ असंही तुमच्या मनात असेल. बाभूळ आणि खैर दोन्ही पूर्वी ‘अकेशिया’. या प्रजातीत (इंग्रजीत ‘जीनस’) तेराशेहून जास्त जाती कोंबलेल्या होत्या. डीएनएने दाखवलं की हे एक घराणंच नाही. आता बाभूळ ‘व्हॅचेलिया’त आहे, खैर ‘सेनेगालिया’त. अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे राहिलं, आणि २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेतल्या त्या निर्णयावर वनस्पतिशास्त्रज्ञ कडाकडा भांडले. बाभूळ-खैर ज्यात येतात त्या अख्ख्या शेंगाकुळाची उपकुळं २०१७ मध्ये नव्याने मांडली गेली, तीनाची सहा झाली. ती मांडणी मॅट-के या एका जनुकाच्या ३,६९६ जातींमधल्या क्रमांवर उभी आहे. कुळात जाती साडेएकोणीस हजारांच्या आसपास. उरलेल्यांचा हिशेब तुम्हीच करा.

बायोटेक्नॉलॉजी वाईट नाही, फक्त तो वेगळा विषय आहे. दोन्हीकडे डीएनए आहे म्हणून एकाऐवजी दुसरा चालेल, हे मला पटत नाही.

वाट तुम्हाला माहीत असेलच : बीएस्सी किंवा आयसर ही केंद्राची विज्ञानसंस्था, एमएस्सी, नेट किंवा गेट परीक्षा, पीएचडी. लांब आहे, आणि शेवटी कायम नोकऱ्या मोजक्या. हे मी तिच्यापासूनही लपवणार नाही. ५८ गुणांनी दार बंद होत नाही, पण संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग टाळता येणार नाही. गणित आलं की ती पळत असेल, तर हे तिने आत्ताच ऐकलेलं बरं.

प्रवेशाआधी तिला एक करून बघू द्या. ओळखीचं एक कुळ निवडायचं, जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक डेटाबेसमधून वीसेक जातींचे मॅट-केचे क्रम उतरवायचे, मेगा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक जुळवून वंशवृक्ष काढायचा. मग त्यातलं जे झाड भलत्याच फांदीवर बसलेलं दिसेल, ते का, याच्या मागे लागायचं. त्या ‘का’पाशी ती रात्री जागली तर मला विचारू नका. कंटाळली तर तेही तिला स्वतःलाच कळेल.

पुढचं पत्र तिने लिहावं, मी तिलाच उत्तर देईन.

आणि त्या वह्या. ब्रिटनच्या क्यू उद्यानाच्या पुढाकाराने २०२४ मध्ये साडेनऊ हजार जातींचा वंशवृक्ष निघाला, ३५३ जनुकं वापरून. त्यात १८७५ नंतर कुणालाच जिवंत न दिसलेलं ऑलिव्हच्या कुळातलं एक झाडही आहे, हर्बेरियममधल्या वाळक्या नमुन्यावरून. तुमच्या लेकीच्या वह्यांना ती किंमत आहे की नाही, हे पानांखाली काय लिहिलंय यावर ठरेल. फूल वाळलं की रंग उडतो. तेव्हा रद्दीचा गठ्ठा बांधण्याऐवजी तिच्या शेजारी बसा आणि तिला आठवतंय तोवर प्रत्येक नमुन्याखाली तारीख, जागा, झाडाची उंची आणि फुलाचा रंग लिहून घ्या.