चौथे वर्ष आणि आठ नॅनोमीटर

“मॅडम, चौथे वर्ष सुरू आहे, हातात एकही पेपर नाही. पीएचडी सोडून देऊ का?” पुण्यात संशोधक विद्यार्थ्यांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. ज्या मुलीची हकिकत सांगते आहे, ती जैवभौतिकीची विद्यार्थिनी. पाषाणला खोली घेऊन राहणारी, मूळची सातारा जिल्ह्यातली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कायनेसिन हे प्रथिन पेशीतल्या सूक्ष्मनलिकांवरून सुमारे ८ नॅनोमीटरच्या पावलांनी चालते आणि ओझे वाहून नेते. लेझरच्या चिमट्यात, म्हणजे ऑप्टिकल ट्वीझर्समध्ये, कायनेसिनला जोडलेला सूक्ष्म मणी पकडून ही पावले मोजणे हे तिचे काम. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्यामुळे एसी चालू-बंद झाला किंवा व्हरांड्यातून कोणी गेले, तरी नोंद हलते. म्हणून ती रात्री दोननंतर प्रयोग करू लागली आणि वर्षभरात झोप, जेवण आणि मैत्रिणी या क्रमाने एकेक गोष्ट सुटत गेली.

जगणे नकोसे वाटते का, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारले. तसे नव्हते, तरीही झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगितले. त्यानंतर मात्र माझी चूक झाली. मी तिला महिनाभर सुट्टी घ्यायला सुचवले. ती गावी गेली, “कधी संपणार गं?” हे रोज ऐकले आणि आठवड्यातच अधिक खचून परतली.

पुढच्या भेटीला मी तिची प्रयोगवही मागवली. मला त्यातले भौतिकशास्त्र कळत नाही, परंतु वही कशी लिहिली आहे एवढे कळते. मणी कोणत्या वेळी किती सरकला, तेव्हा खोलीचे तापमान किती होते आणि एसी चालू होता की बंद, याचे तीन महिन्यांचे तक्ते तिने नेटकेपणाने मांडले होते. “हे सरांना दाखवलेस?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “यात दाखवण्यासारखे काय आहे? एकही पाऊल मोजता आलेले नाही.” निकाल नाही म्हणून ती गटाच्या बैठकाही टाळत होती, आणि सरांचा, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांचा, समज असा की तिचे काम स्वतंत्रपणे नीट चालले आहे. माझ्या मते दुखणे इथे होते; हुशारीचा संबंध नव्हता.

या चिमट्याचे जनक आर्थर ॲश्किन यांनी १९७० मध्ये या कामाचा पाया घातला आणि त्यांना नोबेल मिळाले २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, हे तिनेच मला सांगितले. असल्या दाखल्यांनी धीर येतो यावर माझा फारसा विश्वास नाही. खोलीचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते. त्यापेक्षा आम्ही कागदावर हिशेब मांडला. तिची जेआरएफ-एसआरएफ (कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन) मिळून फेलोशिप पाच वर्षांची, तर नोंदणीची कमाल मुदत सहा वर्षांची आणि गरज पडल्यास तीत वाढ मिळू शकणारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधापूर्वी पेपर प्रसिद्ध करण्याची सक्ती राहिलेली नाही, मात्र संस्था स्वतःची अट ठेवू शकते. तिच्या संस्थेची अट काय, हे तिने चार वर्षांत कोणाला विचारलेच नव्हते.

ती वही घेऊन सरांकडे गेली. आधी का सांगितले नाही म्हणून ते रागावले, आणि मग दोन तास तक्ते पाहत बसले. एसीची वेळ बदलून घेतली, सोबतीला एक सीनियर दिला. हे तक्ते प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणात घ्यायचे ठरले. आता रात्रीचा प्रयोग आठवड्यातून एकदाच होतो. पावले अजून स्वच्छ मोजली गेलेली नाहीत.

पीएचडी सोडण्याचे पत्र तिच्या मेलमध्ये मसुदा म्हणून अजून पडून आहे. सोडणे हाही योग्य निर्णय असू शकतो, म्हणून ते पुसून टाक असे मी तिला सांगितलेले नाही. पाठवायचे झाल्यास दुपारी, जेवण झाल्यावर पाठव, एवढेच सांगितले आहे.